योकाईच्या कादंबऱ्यांवरचे चित्रपट मराठी प्रेक्षकांनाही दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हंगेरीचा कादंबरीकार मोर योकाई (१८२५–१९०४) याच्या द्विशताब्दीचे वर्ष २०२५ मध्ये येऊन गेले, पण आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. योहान श्ट्राउसची 'जिप्सी बॅरन' ही संगीतिका १८८५ साली व्हिएन्नात रंगभूमीवर आली आणि जगभर गाजली. तिची कथा योकाईची, हे मात्र किती जणांना ठाऊक असेल?

त्याच्या 'सोन्याचा माणूस' या कादंबरीवर अलेक्झांडर कोर्डाने १९१८ मध्ये मूकपट काढला, पुढे १९३६ आणि १९६२ मध्येही चित्रपट आले. बुडालेल्या जहाजातल्या गव्हाच्या पोत्यांपैकी एकावर लाल चंद्रकोर असते आणि खजिना त्याच पोत्यात दडलेला असतो. त्या एका खुणेने नायकाचे सगळे आयुष्य बदलते. पडद्यासाठी याहून नेमके दृश्य कोणते?

माझे मन मात्र योकाईच्याच कादंबरीवरून झोल्तान वारकोन्यीने काढलेल्या १९६५ च्या 'दगडी काळजाच्या माणसाचे मुलगे' या चित्रपटात अडकले आहे. मृत्युशय्येवरचा बाप तिन्ही मुलांचे भवितव्य बायकोला लिहून घ्यायला लावतो आणि ती बाई त्याच्या आज्ञेच्या नेमके उलट वागायचे ठरवते. १८४८ च्या क्रांतीची ही कहाणी त्या खोलीतूनच सुरू होते.

आपल्या चित्रपट महोत्सवांनी हे चित्रपट मराठी उपशीर्षकांसह दाखवावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे