‘जेल’ अमेरिकेतून आलेला नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील इंग्रजी शब्दांवरच्या लेखात, तुरुंगासाठी जी-ए-ओ-एल हे अस्सल ब्रिटिश लेखन आणि जे-ए-आय-एल हे अमेरिकनांनी सोपे करून घेतलेले रूप, असे म्हटले आहे. ते बरोबर नाही. दोन्ही रूपे मध्ययुगीन इंग्रजीतच, म्हणजे अमेरिका नावाचे राष्ट्र जन्माला येण्याच्या कित्येक शतके आधी, वापरात होती.

मूळ शब्द लॅटिन ‘काव्हेआ’. अर्थ पोकळी किंवा पिंजरा. त्याचे लघुत्वदर्शक रूप ‘काव्हेओला’, छोटा पिंजरा. आरंभीच्या ‘क’चा ‘ग’ होऊन ते फ्रेंचमध्ये उतरले, तेव्हा उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन बोलीत आरंभी ‘ग’ राहिला, तर पॅरिसकडच्या बोलीत त्याचा ‘ज’ झाला. इंग्रजी ‘गार्डन’ आणि फ्रेंच ‘जार्दँ’ यांच्यात दिसतो तोच हा फरक. १०६६ मध्ये या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर तिथे फ्रेंचचे राज्य सुरू झाले आणि कालांतराने दोन्ही रूपे तिथे नांदू लागली. गंमत अशी, की ब्रिटिशांनी कायद्याच्या कागदांत लेखन नॉर्मन ठेवले आणि उच्चार मात्र पॅरिसचा केला. शाळेत असताना एका जुन्या पुस्तकातला चोर ‘गोल’मध्ये गेला, असे मी भर वर्गात मोठ्याने वाचले होते, त्यामुळे या लेखनाशी माझे जुने वैर आहे.

पिंजऱ्याचा अर्थ पुरता पुसलेला नाही. पोर्तुगीजमध्ये ‘गायोला’ म्हणजे आजही पक्ष्याचा पिंजरा, आणि इंग्रजी ‘केज’ हाही ‘काव्हेआ’चाच वंशज.

लेखात ‘जेल’ व ‘प्रिझन’ समानार्थी धरले आहेत, तेही सरसकट खरे नाही. ‘प्रिझन’च्या मुळाशी ‘पकडणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. अमेरिकेत ‘जेल’ हे बहुधा स्थानिक प्रशासनाचे असते आणि त्यात खटला सुरू असलेले किंवा अल्प मुदतीची शिक्षा झालेले लोक असतात. ‘प्रिझन’ दीर्घ शिक्षेसाठी. तिथल्या बातम्यांचे भाषांतर करताना दोन्हींसाठी ‘तुरुंगवासाची शिक्षा’ असे लिहिले, तर नुसता आरोपी असलेला माणूस वाचकाच्या लेखी गुन्हेगार ठरतो.

आपला ‘तुरुंग’ तरी कुठे घरचा आहे? तो पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आल्याचे कोशकार मानतात. त्याचा अर्थ झाडाचे खोड, आणि कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडाही.

आपला,
एक नियमित वाचक