मोडलेला पंख आणि ‘निकाली’ निघालेला अर्ज

मा. नागरी विमान वाहतूक मंत्री,
भारत सरकार

महोदय, स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी माझं विमान मला परत मिळालं. सागवानी, मूळ विमानाच्या एकदशांश मापाचं, डाव्या पंखाचा सांधा मुळातून उखडलेला. ते प्रवाशांना दिसेल अशा जागी ठेवावं, या माझ्या अर्जावर सोबत एका ओळीचं पत्र : ‘आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे.’

हे पस मॉथ विमान आहे. बंद केबिनचं, दोन-तीन माणसांचं, 120 अश्वशक्तीचं. याच जातीच्या विमानातून 1932 मध्ये जिम मॉलिसन एकटे अटलांटिक ओलांडून गेले आणि एमी जॉन्सन केपटाऊनला पोचल्या. त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून सुमारे 25 किलो टपाल घेऊन निघाले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी ते जुहूला उतरले, आणि पुढची टपाल त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल विन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. पावसाळ्यात जुहूचा चिखल व्हायचा, तेव्हा सेवा पुण्याहून चालायची. इंग्रज सरकारने अनुदान दिलं नाही, पण टपालाच्या पिशव्या तरी विश्वासाने हातात दिल्या.

मी 34 वर्षं टपाल खात्यात सॉर्टिंग केलं. हवाई टपालाची पिशवी उघडताना हे विमान मला दर वेळी आठवायचं. निवृत्तीनंतर दीड वर्ष खपून ते केलं. मूळ विमानासारखे याचेही पंख मागे दुमडतात, त्या बिजागऱ्या तीनदा बदलल्या. तीन वर्षांपूर्वी एका साहेबांनी शाळेच्या मुलांसमोर माईकवरून सांगितलं, “पुढच्या वर्षी हे विमान प्रवाशांना दिसेल अशा जागी लागेल.” मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन पेढे वाटले.

त्यानंतर साहेबांच्या कचेरीत अकरा खेपा. बोरिवलीहून लोकल, मग रिक्षा, मग तीन मजले जिना, लिफ्ट साहेबांसाठी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. कधी साहेब मीटिंगमध्ये, कधी फाईल दुसऱ्या टेबलावर. एकदा दुपारी चारपर्यंत उपाशी बसलो आणि शिपायाने सांगितलं, साहेब मागच्या दाराने गेले. विमान त्या वेळी कपाटावर होतं, त्याच्यावर जुन्या फायलींचा गठ्ठा. मी हात जोडून सांगितलं, पंखावर वजन ठेवू नका. ऐकलं कुणी?

आपल्याकडे उद्घाटनाच्या मांडवाला पैसा रातोरात मिळतो, फलकावर नेत्यांचे फोटो लावायला जागा मिळते. साडेतीन-चार फुटांच्या काचेच्या पेटीला मात्र तीन वर्षं ‘तरतूद नाही’. अर्ज निकाली काढला म्हणजे काम संपलं, ही कुठली रीत? पेन्शनचा अर्ज असो, रेशनचा असो की पाण्याचा, सामान्य माणसाने खिडकी बदलत म्हातारं व्हायचं आणि शेवटी एक ओळ वाचायची!

पंख मी पुन्हा जोडतो आहे. काचेची पेटीही माझ्या पेन्शनमधून करून देतो. मला फक्त जागा हवी, आणि मोडतोड कुणी केली त्याचं लेखी उत्तर. 15 ऑक्टोबरच्या आत कळवावं. ज्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्यांतली काही यंदा दहावीला आहेत, पुढच्या वर्षी शाळा सोडून जातील.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, बोरिवली