ओबामाच्या कोपऱ्यात

सीडर रॅपिड्स, आयोवा
५ जानेवारी २००८

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू म्हणालास, "आई, ओबामा बोलतो छान, पण हा देश त्याला निवडून देणार नाही." तेव्हा आजूबाजूला इतका गलका होता की नीट उत्तर देता आलं नाही. आज शनिवार आहे, मला फार्मसीत जायचं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मन ओबामाकडे वळलं ते त्याच्या वक्तृत्वामुळे नाही. २००४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या बॉस्टन अधिवेशनातलं त्याचं भाषण आपण तिघांनी मिळून टीव्हीवर पाहिलं होतं. उदारमतवाद्यांची अमेरिका वेगळी आणि सनातन्यांची वेगळी असं नसतं, असं तो म्हणाला होता. ऐकून बरं वाटलं, पण तेवढ्यावर कुणी मत देत नाही. गेल्या फेब्रुवारीत त्याने स्प्रिंगफिल्डला उमेदवारी जाहीर केली आणि त्याच दिवशी तो आपल्या गावात आला, तरी मी गेले नाही. माझं मत हिलरीचं, असंच मी धरून चालले होते. बाईने राष्ट्राध्यक्ष व्हावं ही माझी इच्छा तुला ठाऊक आहे, आणि ती आजही आहे.

मग उन्हाळ्यात मी त्याचं ऑक्टोबर २००२ चं शिकागोतलं भाषण वाचलं. तेव्हा तो इलिनॉयच्या विधिमंडळात होता, देशात त्याला कुणी ओळखत नव्हतं. आपण सगळ्या युद्धांच्या विरोधात नाही, अविचारी युद्धाच्या विरोधात आहोत, असं त्याने भर चौकात सांगितलं. ते दिवस आठव. ११ सप्टेंबरला जेमतेम वर्ष झालं होतं आणि सावळ्या रंगाचा, दाढीवाला माणूस दुकानात शिरला की लोक वळून बघायचे. त्याच महिन्यात सिनेटने इराकवरच्या युद्धाला ७७ विरुद्ध २३ मतांनी संमती दिली. हिलरी, एडवर्ड्स, बायडन आणि डॉड या चौघांनीही होकार दिला होता, आणि हे चौघेही यंदा आपल्याकडे मतं मागत फिरत होते. त्यांना वाईट हेतूची माणसं मी म्हणणार नाही. पण वाऱ्याची दिशा स्पष्ट दिसत असताना उलट बोलायला काय लागतं ते मी या देशात राहून बघितलं आहे. लोक त्याच्या अननुभवाबद्दल बोलतात तेव्हा मला हे आठवतं. अनुभव असलेल्यांनी त्या दिवशी काय केलं?

त्यानंतर मी त्याला ऐकायला गेले, एका शाळेच्या हॉलमध्ये. टीव्हीवर दिसतो तसा तो तिथे नव्हता. कुणी प्रश्न विचारला की थांबायचा, विचार करायचा, आणि मग लांबलचक, थोडं कंटाळवाणंसुद्धा उत्तर द्यायचा. इराकमधून महिन्याला एक-दोन ब्रिगेड काढल्या तर सुमारे १६ महिन्यांत सैन्य परत आणता येईल, हा हिशेब त्याने मांडला. उद्याच आणतो अशी थाप मारली असती तर टाळ्या जास्त पडल्या असत्या. समोरच्याला समजेल, तो ऐकून घेईल, हा त्याचा विश्वास मला फार आवडला.

जूनमध्ये मात्र मी दुखावले होते, हेही तुला माहीत असू दे. त्याच्या प्रचारातून एक टिपण बाहेर पडलं. त्यात हिलरीच्या नावापुढे, ती जणू पंजाबची सिनेटर असल्यासारखं लिहिलं होतं, कारण काय तर तिचे भारतीयांशी संबंध. म्हणजे आपण अजून परकेच! ओबामाने ते टिपण चुकीचं होतं असं जाहीरपणे सांगितलं आणि दक्षिण आशियाई समर्थकांना पत्र लिहून जबाबदारी स्वतःवरही घेतली. तो घाव लगेच भरला नाही. पण कुणी असा खुलासा केला की तो शब्दांत पळवाट शोधतोय का ते मी बघते. मला पळवाट सापडली नाही.

सगळंच पटतं असंही नाही. या देशात सुमारे ४ कोटी ७० लाख लोकांकडे आरोग्य विमा नाही. एका महिन्याची गोळी अर्धी अर्धी करून दोन महिने पुरवणारी माणसं माझ्या काउंटरवर येतात. विमा सगळ्यांना सक्तीचा असावा असं हिलरी म्हणते, ओबामा फक्त मुलांपुरती सक्ती मागतो. या बाबतीत तिची योजना सरस आहे. हे मी त्याच्या कार्यकर्त्या मुलालाही दारात उभं राहून सांगितलं. त्याने वाद घातला नाही, लिहून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात परत आला. तुझ्याएवढाच असेल. थंडीने त्याचे कान लाल झाले होते.

आता गुरुवारचं. कॉकस म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायची सभा, गुप्त मतदान नव्हे रे, तिथे चक्क उभं राहावं लागतं. संध्याकाळी सातला दारं बंद झाली, आणि ज्याने त्याने आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जायचं. बाबा हिलरीच्या कोपऱ्यात गेले. मी समोरच्या भिंतीपाशी, ओबामाच्या. इतकी वर्षं इथे राहून माझं राजकीय मत शेजाऱ्यांनी कधी ऐकलं नव्हतं. विचारलंच तर मी हसून विषय बदलायचे, कारण नागरिकत्व घेतलं तरी आपण पाहुणे आहोत हे मनातून जात नव्हतं. त्या रात्री पोस्टमन, तुझ्या गणिताच्या बाई, दवाखान्यातली नर्स, सगळ्यांच्या देखत मी उभी राहिले. पाय कापत होते, पण हलले नाही.

हजर लोकांच्या १५ टक्के माणसं ज्याच्या बाजूला नाहीत, तो उमेदवार त्या खोलीपुरता बाद होतो, आणि त्याच्या माणसांना दुसरीकडे जाता येतं. बायडनच्या गटातले एक म्हातारे गृहस्थ एकटेच खुर्चीत बसून राहिले होते. कार्यकर्ते त्यांच्याभोवती घोळका करून बोलत होते. ते पांगल्यावर मी जाऊन शेजारी बसले. त्यांचा नातू इराकमध्ये आहे. मी त्यांना २००२ च्या भाषणाबद्दल सांगितलं, आणखी काही नाही. बराच वेळ ते गप्प होते. मग काठी घेऊन उठले आणि माझ्याबरोबर आमच्या भिंतीपाशी आले. बाळ, या देशात मी कुणाचं मत बदलू शकते, माझ्या शब्दाला इथे वजन आहे, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

आयोवाभर मिळून ओबामा ३८ टक्के, एडवर्ड्स ३०, हिलरी २९. चार वर्षांपूर्वी डेमोक्रॅटिक कॉकसला सव्वा लाखाच्या आसपास लोक आले होते, यंदा जवळजवळ २ लाख ३९ हजार. आणि हे आयोवा आहे, शंभरातले नव्वदहून जास्त गोरे. देश त्याला निवडून देणार नाही असं तू म्हणतोस. तो देश म्हणजे कोण? परवा त्या खोलीत होता तोही देशच होता. मंगळवारी न्यू हॅम्पशायरमध्ये तो हरूही शकतो, माझा उत्साह त्याने ओसरणार नाही.

तू हिलरीला मत दिलंस तरी मला राग येणार नाही, बाबांवर आला का? पण "काही फरक पडत नाही" म्हणून खोलीत बसून राहिलास तर मला वाईट वाटेल. तुझ्याकडे मॅसॅच्युसेट्समध्ये प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवायचं साधं मतदान, ५ फेब्रुवारीला आहे आणि मतदार नोंदणी २० दिवस आधी बंद होते, म्हणजे १६ जानेवारीच्या आत तुला फॉर्म भरायला हवा. पक्षाचं नाव लिहिलं नाहीस तरी चालतं, मतदानाच्या दिवशी हवी ती मतपत्रिका मागता येते. इथल्या पत्त्यावरची तुझी जुनी नोंदणी तिथे उपयोगाची नाही. सोमवारीच सिटी हॉलमध्ये जाऊन ये आणि काम झालं की मला फोन कर. २००२ च्या त्या भाषणाची प्रत सोबत पाठवत आहे. दोनच पानं आहेत, वाच, आणि काय पटलं नाही ते कळव.

तुझी,
आई