मॅडम, तुम्ही तो पंचनामा वाचून दाखवलात म्हणून

आदरणीय वकील मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहू का, असं विचारलं तर तुम्ही नको म्हणालात, म्हणून नावाशिवाय लिहितेय. पण पत्र मात्र उघड लिहायचंय. त्या दुपारी आमच्या कॉलेजच्या वाचनालयात जे घडलं, ते तिथं बसलेल्या मुलांपुरतं राहायला नको.

विषय होता ‘नागरी हक्क आणि सार्वजनिक धोरण’. याच विषयावर बोलायला तुमच्याआधी एक तज्ज्ञ येऊन गेले होते. त्यांना आम्ही ताईंबद्दल विचारलं होतं. ताईंचे यजमान एका सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये उतरले आणि आतच गेले, पदरात दोन मुलं आहेत, काय करता येईल? ‘ही वैयक्तिक केस झाली, आपण धोरणाबद्दल बोलू,’ असं म्हणून ते पुढच्या स्लाइडकडे वळले. मला त्याचा अजून राग येतो. माणूस मैल्याच्या टाकीत गुदमरून मरतो आणि त्याची बायको कागदांची पिशवी घेऊन दारोदार फिरते, हा धोरणाचा प्रश्न नाही तर मग कशाचा आहे?

ताई तर याहून वाईट ऐकून आल्या होत्या. पालिकेत सांगितलं, टाकी खासगी आहे, आमचा संबंध नाही. ठाण्यात सांगितलं, अपघाती मृत्यूची नोंद झालीय, आता काही होणार नाही. ठेकेदाराने अंत्यविधीपुरते पैसे दिले आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. एका वकिलाने फीचं आधी बोलून घेतलं, कागद नंतर मागितले. प्रत्येकाने ती प्लास्टिकची पिशवी उघडली, वरचा कागद पाहिला, घडी घालून परत दिला. ताईंना लिहिता-वाचता येत नाही. आपल्या नवऱ्याबद्दल त्या कागदांत नेमकं काय लिहिलंय, हे त्यांना इतक्या महिन्यांत एकानेही सांगितलेलं नव्हतं.

तुम्ही रात्रभर गाडीत बसून आला होतात. पुढे टेबल मांडलेलं होतं, पाण्याची बाटली आणि फुलं ठेवली होती. तिकडे न जाता तुम्ही ताईंच्या शेजारी बाकावर बसलात. ‘आधी यांचे कागद बघू, मग बोलू,’ म्हणालात. चष्मा लावलात, पंचनामा बाहेर काढलात आणि मोठ्याने वाचायला लागलात. पार वरच्या ओळीपासून. कागद दोघींच्या मध्ये, ओळीखाली तुमचं बोट. ‘समक्ष’, ‘मयत इसम’, ‘चतुःसीमा’ असं काही आलं की थांबायचात, साध्या बोलीत सांगायचात, ताईंनी मान हलवली की पुढे जायचात. मागच्या बाजूला पंचांच्या सह्या होत्या, त्याही कुणाच्या ते वाचलंत. वाचनालयात खुर्च्या सरकवायचा नेहमीचा आवाज असतो, तोसुद्धा नव्हता.

‘मयत हा स्वखुशीने टाकीत उतरला.’ या वाक्यावर ताईंनी तुमचं मनगट धरलं. ‘हे खोटं हाय मॅडम. सकाळी मुकादम घरी आलता बोलवायला. हे नगं म्हणत हुते.’

तुम्ही वही काढलीत आणि ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलंत. लिहिलेलं परत वाचून दाखवलंत. ‘असंच ना?’ विचारलंत. मग आमच्याकडे वळून म्हणालात, ‘आता तुम्ही सांगा, तो स्वखुशीने उतरला असता, तरी कायद्याला काय फरक पडला असता?’

आमचा खरा वर्ग तिथून सुरू झाला. हाताने मैला साफ करायला माणसं लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याचं कलम ७ आम्ही परीक्षेसाठी पाठ केलं होतं. गटाराच्या किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला कुणीही माणूस लावायचा नाही, मग ती पालिका असो, एजन्सी असो की खासगी व्यक्ती. ही बंदी काम करवून घेणाऱ्यावर आहे, तेव्हा उतरणाऱ्याची मर्जी दाखवून त्याची सुटका होत नाही, हे मात्र ताईंच्या समोर बसून समजलं. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात १९९३ पासून अशा कामात गेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख द्यायला सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. ‘टाकी खासगी आहे’ या उत्तराचं काय, हे कुणीतरी विचारलं. तुम्ही गोवंडीचं प्रकरण सांगितलंत. तिथेही टाकी खासगी सोसायटीचीच होती, तीन कामगार गेले होते, आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की भरपाई आधी तुम्ही द्या, जबाबदार लोकांकडून नंतर वसूल करा. हे ऐकताना ताई पहिल्यांदा ताठ बसल्या.

एका मुलाने भीत भीत विचारलं, की त्यांना आतला वास नसेल का आला? दुसऱ्या कुणी त्याला गप्प केलं असतं. तुम्ही शांतपणे सांगितलंत की हायड्रोजन सल्फाइड जास्त साठला की आधी वास घ्यायची शक्तीच जाते, माणसाला वाटतं हवा ठीक आहे. ताईंनाही ते ठाऊक नव्हतं. ‘म्हंजे त्यांची चूक नव्हती,’ एवढंच त्या म्हणाल्या. ती खंत त्या किती दिवस मनात घेऊन फिरत होत्या कुणास ठाऊक.

धोरणावरही बोललो आपण, आणि भरपूर बोललो. टेंडर सगळ्यात कमी दराला जातं, ठेकेदार ते काम खाली देतो, खालचा मुकादमाला सांगतो आणि मुकादम वस्तीतल्या घराचं दार वाजवतो. मग जबाबदार कोण, असं विचारलं की प्रत्येक जण वरच्याकडे नाहीतर खालच्याकडे बोट दाखवतो. २०२१ मध्ये राज्यसभेत सरकारने उत्तर दिलं होतं की हाताने मैला साफ करताना मृत्यू झाल्याची नोंद नाही. गटारात गेलेल्यांचा हिशेब ‘धोकादायक सफाई’ या वेगळ्या रकान्यात धरला जातो. ताईंच्या यजमानांची नोंद तर त्या रकान्यातही झालेली नव्हती. या एका पंचनाम्यावरून आम्ही धोरण जेवढं शिकलो, तेवढं आधीच्या सगळ्या भाषणांतून मिळून शिकलो नाही.

मॅडम, तुम्ही सांगितलेली कलमं आणि निकाल बाकीच्यांनाही माहीत असणार. त्यांच्याकडे ताईंच्या शेजारी बसायला दहा मिनिटं नव्हती. चांगुलपणा अजून आहे, हे मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. वाचनालयाची वेळ संपल्यावर आमचे शिपाईकाका किल्ल्या हातात घेऊन दारात उभे होते आणि कुणी काही न सांगता सगळ्यांसाठी चहा घेऊन आले. पण अशी माणसं आहेत म्हणून बाकीच्यांना माफी मिळू नये, असंही मला वाटतं. ज्यांना त्या कामाचा पगार मिळतो, त्यांनी एका बाईला तिचा कागद वाचून दाखवणं हे काही उपकारात मोडत नाही.

आता आमच्या विधी सेवा केंद्रात कुणीही कागद घेऊन आलं की सल्ला द्यायच्या आधी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचतो. वेळ लागतो, रांग वाढते, तरी वाचतो.

ताईंचा भरपाईचा अर्ज दाखल झालाय. मुकादमाबद्दलचा त्यांचा जबाब नोंदवून घ्यावा म्हणून वेगळा अर्जही दिलाय, तुमच्या वहीतल्या त्याच शब्दांत. पुढच्या तारखेला आमच्यातली काही मुलं त्यांच्याबरोबर जाणार आहेत. तुम्ही त्या सुमारास इकडे येताय असं कळलं. ताईंनी तुम्हाला त्यांच्या घरी जेवायला बोलावलंय आणि नाही म्हणायचं नाही असा निरोप आहे. गाडी कधी पोचते ते आधी कळवा, आम्ही स्टेशनवर येतो.

आपली नम्र,
विधी शाखेच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी