चार रिकामे रकाने

आदरणीय मॅडम,

तुमची-माझी ओळख नाही. गणितातल्या तुमच्या एका जुन्या शोधनिबंधाखाली पत्ता सापडला म्हणून मी शंका लिहून पाठवली, आणि तुम्ही उत्तर दिलंत. परत उत्तर लिहून आभार मानले खरे, पण मन भरेना, म्हणून हे जाहीर पत्र. ज्यांनी आधी मला वाटेला लावलं त्यांच्याही नजरेस पडलं तर पडू दे, एवढा खट्याळपणा त्यात आहे.

प्रश्न काय होता ते इतरांसाठी थोडक्यात सांगते. फुक्सियन ग्रुप म्हणजे हायपरबोलिक प्रतलाच्या सममितींचा एक डिस्क्रीट समूह; त्याच्या सममितींनुसार प्रतलाची घडी घातली की एक पृष्ठभाग मिळतो, आणि त्याची अनंताकडे निमुळती होत जाणारी टोकं म्हणजे कस्प. असे कस्प असतील तर प्रत्येक कस्पची आपली एक आयझेनस्टाइन श्रेणी असते, म्हणजे त्या सममिती पाळणारं आणि एस या संमिश्र संख्येवर अवलंबून असणारं एक फंक्शन. एका कस्पची श्रेणी दुसऱ्या कस्पवर कशी दिसते याचा हिशेब स्कॅटरिंग मॅट्रिक्समध्ये मांडतात, आणि तिचा निश्चयक (डिटर्मिनंट) म्हणजे फाय(एस). बहुतेक ग्रुपांसाठी त्याचं उघड सूत्र हाती लागत नाही. मॉड्युलर ग्रुपसाठी (पूर्णांकांच्या, निश्चयक १ असलेल्या दोन बाय दोन मॅट्रिक्सांचा ग्रुप) लागतं आणि ते फार देखणं आहे: झीटा(२एस − १) भागिले झीटा(२एस), सोबत गॅमाचे अवयव आणि पायचं वर्गमूळ. रीमानच्या या झीटा फंक्शनचं पहिलं शून्य १४.१३ च्या उंचीवर, तर फायचा पोल (जिथे किंमत अनंत होते ती जागा) त्याच्या बरोबर निम्म्यावर, ७.०७ पाशी. गणिती सेल्बर्गचा या विषयातला मूळ निबंध १९५६ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला होता, याचं मला उगाचच अप्रूप आहे. पुढे १९८४ साली हक्सली यांनी काँग्रुअन्स सबग्रुपांचे (मॉड्युलर ग्रुपच्या आतले, भाज्यतेच्या अटींनी ठरणारे ग्रुप) निश्चयक डिरिक्लेच्या एल-फंक्शनांत लिहून दाखवले.

मी अडकले होते त्याच्या कितीतरी अलीकडे. लेव्हल पी, म्हणजे ज्यांचा खालचा डावा रकाना पीने भागला जातो अशा मॅट्रिक्सांचा सबग्रुप, पी अविभाज्य, कस्प दोनच: अनंत आणि शून्य. निश्चयकाचं सूत्र दोन ठिकाणी छापलेलं सापडलं आणि दोघांत पीच्या (२एस − १) या घाताचा फरक. बरं, तपासायला जावं तर दोन्ही सूत्रं साळसूद. फाय(एस) × फाय(१ − एस) = १? दोन्ही पास. एस = १/२ ला किंमत १? दोन्ही पास. क्रिटिकल रेषेवर (एसचा वास्तव भाग १/२) निरपेक्ष किंमत १? तीही दोघांची. पण आयगेनव्हॅल्यू (पृष्ठभागाच्या कंपनांशी जोडलेले आकडे) मोजायला बसलं की हाच घात लॉगरिदमिक डेरिव्हेटिव्हमध्ये दोन लॉग पी एवढी स्थिर रक्कम घुसवतो, आणि टी या उंचीपर्यंतच्या वाइल-सेल्बर्गच्या मोजणीत टीच्या पटीत वाढणारी तफावत येते. टीच्या वर्गाची मुख्य रक्कम शाबूत असते, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटतच नाही.

हा प्रश्न मी जिथे जिथे नेला, तिथून काय मिळालं? "हे सगळ्यांना माहीत असतं." "अहो, हे ऐंशीच्या दशकात संपलं." एका विद्वानांनी तर चारशे पानांच्या ग्रंथाचं नाव सांगून 'त्यात असेल' म्हटलं, ग्रंथ माझ्यासमोरच उघडा होता आणि दोनातलं एक सूत्र त्यातूनच घेतलेलं होतं. 'सहज दिसून येते की' या चार शब्दांनी जितके विद्यार्थी या विषयातून उठून गेले असतील, तितके अवघड प्रमेयांनी गेले नसतील, असं माझं ठाम मत झालं आहे. आणि मला शंका आहे की उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते सहज दिसत नव्हतंच.

तुम्ही 'सहज' हा शब्द वापरला नाहीत. आधी विचारलंत, "शून्यावरच्या कस्पची रुंदी पी आहे, ती दोघांनी कशी धरली आहे?" एवढ्या एका प्रश्नात गाठ सुटली. रुंदी म्हणजे कस्पपाशी आकृती किती अंतराने पुन्हा तीच येते ते. एकाने स्केलिंग करताना ती १ करून घेतली होती, दुसऱ्याने तशीच ठेवली होती. एकाने गजात मापलं, दुसऱ्याने मीटरमध्ये, आणि एकक लिहायचं दोघांनीही टाळलं. मग हाताने लिहिलेला कागद आला. अनंत आणि शून्य यांची अदलाबदल करणारी फ्रिकेची क्रिया घ्या, दोन श्रेणींची बेरीज आणि वजाबाकी करा, मॅट्रिक्स जागच्या जागी दोन तुकड्यांत सुटते. तो गुणाकार मी कितीदा वाचला असेन!

पण मला खरं जिंकलं ते कागदाच्या तळाशी. तिथे तुम्ही दोन बाय दोनचा चौकोन आखला होता, चारही रकाने रिकामे. (पोलजवळ फंक्शन किती जोराने अनंताकडे जातं ते सांगणारा आकडा म्हणजे रेसिड्यू.) शेजारी लिहिलं होतं: "पी = २ घ्या. एस = १ ला चारही जागांचा रेसिड्यू काढा. रुंदी नीट धरली असेल तर चारही सारखे यायला हवेत, कारण प्रत्येक ठिकाणी एक भागिले क्षेत्रफळच येतं. हे तुम्ही भरा."

तुम्हाला ते भरायला मिनिटही लागलं नसतं. पृष्ठभागाचं क्षेत्रफळ पाय, म्हणून चारही रकान्यांत १/पाय. रुंदी तशीच ठेवलेल्या सूत्राची मॅट्रिक्स मांडून बघितली तर वरच्या ओळीत १/पाय आणि खालच्या ओळीत बरोबर दुप्पट. फंक्शनल इक्वेशनला, म्हणजे फाय(एस) × फाय(१ − एस) = १ ला, जे कधीच पकडता आलं नसतं ते चार रकान्यांनी पकडलं, आणि ते माझ्या हातून पकडलं गेलं. उत्तर देऊन मोकळं होणं सोपं असतं. समोरच्याला उत्तर काढता येईल असं गृहीत धरून जागा कोरी सोडायला माणसावर विश्वास लागतो, आणि इतक्या दिवसांत असा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता. तो कागद हातात असताना डोळे भरून आले. रेसिड्यूवरून रडणारी मी पहिलीच असेन.

तुम्हाला यातून काय मिळणार होतं? निबंधात नाव नाही, माझ्यासारखीकडून पुढे कसली मदत नाही. तरीही कुणा अनोळखी बाईच्या शंकेला तुम्ही खरी शंका म्हणून वागवलंत. विद्वत्ता पुष्कळ पाहिली. ती इतकी साधेपणाने वागताना क्वचित पाहिली. वाटेला लावणारेही काही दुष्ट नव्हते, घाईत होते. पण घाई तर तुम्हालाही असणारच ना?

आता लेव्हल ४ धरलं आहे. तिथे कस्प तीन, रुंद्या १, १ आणि ४, क्षेत्रफळ दोन पाय. नऊ रकाने मीच आखले आणि नवांतही १/(२ पाय) आलं. कागद सोबत पाठवते आहे. उत्तराची घाई नाही, पण दुसऱ्या ओळीतली मांडणी तुम्हाला पटते का, तेवढं सवडीने कळवा.

तुमची,
एक ऋणी विद्यार्थिनी