गटप्रकल्पाची शेवटची प्रतच का तपासायची?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी पदवीच्या वर्गांना शिकवते. गटप्रकल्पात चौघांना सरसकट सारखे गुण देताना दरवेळी मनाला टोचणी लागते. गट वाढला की माणशी जोर कमी होतो, हे मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढण्याच्या प्रयोगांवरून १९१३ साली मांडले होते. तेव्हा चुकारपणा काही आजच्या मुलांनी शोधून काढलेला नाही. पण कोणी किती दोर ओढला, हे पाहण्याची सोय आता झाली आहे.

एकाच मजकुरावर अनेकांना ऑनलाइन लिहू देणारे गूगल डॉक्स २००६ सालापासून आहे. त्यातल्या ‘व्हर्जन हिस्ट्री’त कोणी, कधी, काय लिहिले आणि काय खोडले, ते दिसते. तरी आम्ही शिक्षक शेवटची पीडीएफ मागवतो आणि गुण देऊन मोकळे होतो. मग मुलेही आपापला परिच्छेद आदल्या रात्री आणून चिकटवतात. एकत्र लिहिणे घडतच नाही.

गेल्या सत्रात मी एका गटाची हिस्ट्री उघडली. निम्मा मजकूर एकट्या मुलाचा आणि एका मुलीच्या नावावर जेमतेम सहा-सात ओळी. तिचे गुण मी कापणारच होते. मग मजकुराच्या कडेला तिने लिहिलेल्या जुन्या कॉमेंट्स उघडल्या. ‘रिझॉल्व्ह’ म्हणजे निकाली झाल्यामुळे त्या अंतिम प्रतीत दिसत नव्हत्या. ‘हा निष्कर्ष या तक्त्यातून निघत नाही.’ ‘इथे सरासरी नको, मध्यक घे.’ अशा प्रत्येक सूचनेनंतर त्या मुलाने तो भाग नव्याने लिहिला होता. अहवाल उभा राहिला होता तो तिच्या शंकांवर! मी नुसत्या ओळी मोजल्या असत्या, तर तिच्यावर धडधडीत अन्याय झाला असता.

म्हणून ही हिस्ट्री हजेरीपटासारखी वापरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दोघी एकाच लॅपटॉपवर बसल्या तर नोंद एकीच्याच नावावर होते. फोनवर तासभर झालेली चर्चा तर कुठेच उमटत नाही. प्रकल्प अर्ध्यावर आला की गटाला समोर बसवावे, हिस्ट्री उघडावी आणि ‘हा परिच्छेद का बदलला?’ एवढे विचारावे. दहा मिनिटे पुरतात. ज्याने विचार केला आहे तो लगेच बोलू लागतो.

या संवादासाठी आमच्या गुणपत्रकात आज रकानाच नाही. पुढच्या सत्राआधी विद्यापीठाने तो घालावा.

आपली,
एक प्राध्यापिका