गुलाबी होती ती भिंत

न्यू जर्सी, रविवार

प्रिय अनघा,

फोनवर घाईघाईत सांगून भागणार नाही, म्हणून लिहायलाच बसले. काल न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये व्हॅन गॉगची ती आयरिसची फुलं पुन्हा पाहिली. तुझ्या कपाटाच्या दारावर चिकटवलेलं कार्ड आठव. पांढरट भिंत, पांढरट भांडं आणि त्यात निळ्या फुलांचा भारा.

अगं, ती भिंत गुलाबी होती! आणि फुलं जांभळी. मे 1890 मध्ये, फ्रान्समधल्या सां-रेमीचं मनोरुग्णालय सोडायच्या बेतात असताना त्याने फुलांची चार मोठी चित्रं केली, दोन आयरिसची आणि दोन गुलाबांची. धाकट्या भावाला, थिओला, त्याने पत्रातून कळवलंय, की एका चित्रात जांभळी फुलं गुलाबीवर आहेत, तिथे सगळं मऊ आणि जुळलेलं. दुसऱ्यात तशीच फुलं झगझगीत लिंबू-पिवळ्यावर. हे दुसरं आता ॲमस्टरडॅमला आहे. व्हॅन गॉगचा लाल रंग इओसिन नावाच्या कृत्रिम रंगद्रव्यापासून केलेला, उजेडाने उडणारा. भिंतीवरचा उडाला. जांभळ्यातला लालही गेला आणि निळा तेवढा मागे उरला.

गुलाबांपुढून माझा पाय निघेना. पांढरे गुलाब म्हणून आपण ज्यांचं इतकं कौतुक केलं, तेही गुलाबीच होते. जवळून बघितलं तर पाकळ्यांवर आणि टेबलाच्या पट्टीवर अजून पुसट गुलाबी दिसतो. रंग इतका जाड लावलाय, की पाकळीची कड बोटाला लागेल असं वाटतं. 2015 मध्ये मेटने ही चारही चित्रं एकत्र मांडली होती. तेव्हा मी इथे नव्हते, याची हळहळ वाटते.

आणि त्याला हे ठाऊक होतं गं! 1888 मध्येच आर्लहून त्याने थिओला लिहिलं होतं, की हे नवे रंग टिकाऊ नाहीत, म्हणून ते बेधडक, भडक लावावेत, काळ त्यांना नको तितकं सौम्य करणारच आहे. टिकणार नाही हे माहीत असूनही त्याला तोच गुलाबी हवा होता. मला त्याचं हे धाडस सूर्यफुलांपेक्षाही मोठं वाटतं.

आता तुझं. कण्हेरीची ती जलरंगातली चित्रं तू पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगली आहेस. आजच हलव. जलरंगाचा थर पातळ, ऊन त्याला लवकर खातं. ट्यूबवर टिकाऊपणाची खूण छापलेली असते. तुझ्या त्या गुलाबीवर काय आहे ते बघ आणि मला कळव.

तुझी,
मीनल